मॅट्रिक ते शालान्त : एका परीक्षामंडळाची घडण आणि मराठी भाषा

महाराष्ट्रात शालेय शिक्षणाच्या अखेरीस घेतल्या जाणाऱ्या सार्वजनिक परीक्षेला दीड शतकात दोन नावे मिळाली. पहिले मॅट्रिक्युलेशन आणि दुसरे शालान्त. पहिल्या नावाच्या मुळाशी नावांची पटवही ह्या अर्थाचा एक लॅटिन शब्द आहे. विद्यापीठाच्या पटावर विद्यार्थ्याचे नाव चढविणे हा त्याचा मूळ आशय. दुसरे नाव 'वेदान्त', 'सिद्धान्त', 'कल्पान्त' ह्यांच्या धर्तीवर घडविलेला तत्सम समास आहे, आणि शाळा संपली एवढेच तो सांगतो. पहिला शब्द विद्यापीठाच्या दारात उभा राहून शाळेकडे पाहतो. दुसरा शाळेच्या अंगणातूनच बोलतो. ह्या दोन शब्दांमधील अंतर तोडावयास १८५९ ते १९४९ अशी नव्वद वर्षे लागली.

पुणे येथे स्थापन झालेल्या माध्यमिक शालान्त परीक्षा मंडळाचा इतिहास सामान्यतः प्रशासकीय सोयीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. विद्यापीठावरील भार वाढला, स्वतंत्र यंत्रणेची गरज भासली, कायदा झाला, मंडळ आले, असा हा क्रम आहे. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. एखाद्या भाषेत कविता, कादंबऱ्या आणि वृत्तपत्रे असणे वेगळे, आणि त्या भाषेत एकाच दिवशी, एकाच वेळी, कोकणापासून खानदेशापर्यंतच्या हजारो मुलांना भूमितीचा प्रमेय विचारून त्याच भाषेतील उत्तरावर त्यांचे भवितव्य ठरविणे वेगळे. हे दुसरे काम मराठीकडून करवून घेणारी संस्था म्हणून ह्या मंडळाकडे पाहिले पाहिजे.

'बोर्ड' हा शब्द शिक्षणाच्या क्षेत्रात मुंबई इलाख्याला त्यापूर्वी शंभर वर्षे परिचित होता. १८४० साली येथे बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले आणि १८५५ साली शिक्षणखाते निर्माण होईपर्यंत ते चालले. १८४३ ते १८५२ ह्या काळात सर अर्स्किन पेरी हे त्याचे अध्यक्ष होते. उच्च ज्ञान इंग्रजीतूनच दिले पाहिजे, अशा मताचे ते होते. त्याच मंडळाचे एक सभासद कर्नल जॉर्ज जार्व्हिस ह्यांनी उलट बाजू घेतली. लोकांना लोकांच्याच भाषेतून शिकविले नाही तर ज्ञान मूठभरांपलीकडे जाणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. जगन्नाथ शंकरशेट ह्या वादात जार्व्हिस ह्यांच्या बाजूने उभे राहिले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने तडजोड सुचविली. वरच्या शाखांसाठी इंग्रजी आणि बहुजनांसाठी देशी भाषा. तडजोडी कागदावर समतोल दिसतात. पुढे कोणत्या बाजूला वजन पडते हे परीक्षा ठरवितात.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. लंडनप्रमाणेच हेही आरंभी शिकविणारे विद्यापीठ नव्हते. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. त्यामुळे ह्या संस्थेचे सारे सामर्थ्य परीक्षेत एकवटलेले होते, आणि त्यांतील पहिली परीक्षा मॅट्रिक. १८५९ साली ती प्रथम घेण्यात आली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्याच तुकडीत उत्तीर्ण झाले, आणि १८६२ साली बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक ह्यांच्यासह ते बी. ए. झाले. ह्या चार नावांमुळे मॅट्रिकला जे तेज चढले ते पुढे कित्येक दशके टिकले.

परंतु ज्या वर्षांत ही परीक्षा रुजत होती, त्याच वर्षांत देशी भाषांची पीछेहाट होत होती. कलकत्ता विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेतील काही विषयांची उत्तरे देशी भाषेत लिहिण्यास आरंभी अनुमती दिली होती; १८६० नंतर थोड्याच काळात ती काढून घेण्यात आली. मुंबईस १८६० च्या दशकात पदवीपरीक्षांतून मराठी-गुजराती गळाल्या आणि त्यांची जागा संस्कृत, फारसी, लॅटिन ह्या अभिजात भाषांनी घेतली. वर ज्याला स्थान नाही त्याची खाली उपेक्षा होणार हे उघडच होते. हायस्कुलांनी मुलाला चौथी-पाचवी इयत्ता इंग्रजी चढू लागताच त्याला 'सेकंड लँग्वेज' कोणती घ्यावयाची हे विचारावे, आणि शहाण्या पालकाने संस्कृत म्हणावे, असा रिवाज पडला.

ह्या रिवाजातून एक विलक्षण विसंगती निर्माण झाली. देशी भाषांतून शिक्षण द्यावे म्हणून पेरीशी वाद घालणारे जगन्नाथ शंकरशेट १८६५ साली निवर्तले. मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांनी त्यांचे नाव ऐकले ते मात्र संस्कृतात पहिले येणाऱ्यास मिळणाऱ्या शिष्यवृत्तीमुळे. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे ह्या शिष्यवृत्तीचे सर्वपरिचित मानकरी. शंकरशेटांची भाषाविषयक भूमिका विस्मृतीत गेली आणि शिष्यवृत्ती राहिली.

द्वितीय भाषेच्या ह्या व्यवस्थेला दुसरीही, अधिक कठोर बाजू होती. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ च्या सुमारास मॅट्रिक झालेले भीमराव आंबेडकर ह्यांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य विद्यार्थ्याला ते शिकविण्यास नकार मिळाल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या प्रयत्नाने मिळविले. त्यांच्या मॅट्रिकच्या यशाबद्दल भरलेल्या सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर ह्यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, हे प्रसिद्ध आहे. ते चरित्र मराठीत होते. परीक्षेतील अभिजात भाषा एका दाराने बंद झाली आणि सभेतील मराठी ग्रंथाने दुसरे दार उघडले, हा योगायोग चरित्रकारांइतकाच भाषेच्या अभ्यासकानेही टिपून ठेवण्याजोगा आहे. रानड्यांनी आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत विद्यापीठात मराठीला पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून चिकाटीने प्रयत्न केले. त्यांना यश येऊन त्यांच्या निधनाच्या सुमारास, १९०१ साली, मराठीला एम. ए. च्या परीक्षेत स्थान मिळाले. इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर प्रवेश आणि तळमजल्यावर मात्र दुय्यमत्व, अशी ही स्थिती होती.

मॅट्रिकच्या ह्या झगमगाटात मराठीतूनच घेतली जाणारी दुसरी एक सार्वजनिक परीक्षा झाकली गेली. ती म्हणजे मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल. लोक तिला 'फायनल' किंवा 'मराठी सातवी' म्हणत आणि लिहिताना 'व्ह. फा.' अशी आद्याक्षरे लावीत. प्राथमिक शिक्षक, तलाठी, लहान कचेऱ्यांतील कारकून ह्यांना जे प्रमाणपत्र लागे ते हेच. खेड्यातला पहिला 'शिकलेला माणूस' बहुधा फायनल झालेला असे. हिशेब, मोडी वाचन, व्याकरण, निबंध ह्यांत ह्या परीक्षेने लावलेले वळण पक्के होते. तरीही समाजात मॅट्रिक नापास झालेल्यालाही फायनल पास झालेल्यापेक्षा वरचे पान मिळे. 'नॉनमॅट्रिक' हा शब्द लग्नाच्या बाजारात पदवीसारखा वापरला गेला आहे! नापास होण्याचीसुद्धा प्रतिष्ठा असू शकते, फक्त ती परीक्षा इंग्रजीतली असावी लागते, हे त्या काळातले एक सामाजिक सत्य होते.

मातृभाषेतून उच्च परीक्षा घेता येते हे सिद्ध करण्याचे काम सरकारी यंत्रणेबाहेर आधी झाले. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली पुण्यास महिला विद्यापीठ काढले तेव्हा मातृभाषा हे माध्यम आणि इंग्रजी हा एक विषय, अशी मांडणी केली आणि स्वतःची प्रवेशपरीक्षा सुरू केली. १९२१ साली स्थापन झालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठानेही हाच मार्ग धरला. ह्या दोन्ही संस्थांच्या प्रमाणपत्रांना त्या काळी सरकारी नोकरीच्या बाजारात मोल नव्हते. ती घेणारांनी हे जाणूनच ती घेतली. इकडे निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाने सुरू झाले. परकीय भाषेऐवजी देशी भाषा हे तत्त्व तेथे मान्य झाले, पण मराठवाड्यातील मराठी मुलाच्या वाट्याला आली ती उर्दू. त्याच्यापुरते पाहावयाचे तर एका परक्या भाषेच्या जागी दुसरी आली.

शालेय परीक्षा विद्यापीठाच्या हातून काढून स्वतंत्र मंडळाकडे द्यावी, ही कल्पना १९१७ ते १९१९ ह्या काळातील कलकत्ता विद्यापीठ आयोगाने ठामपणे मांडली. सर मायकेल सॅडलर हे त्याचे अध्यक्ष. महाविद्यालयांना पूर्वतयारी करून देणे एवढेच माध्यमिक शाळेचे प्रयोजन नाही, तिला स्वतःचे ध्येय आहे, हे त्या शिफारशीमागील तत्त्व. संयुक्त प्रांतात १९२१ साली असे मंडळ झाले. मध्यप्रांताने १९२२ साली कायदा करून नागपूरला माध्यमिक शिक्षणाचे मंडळ उभे केले. म्हणजे मराठी मुलखातील पहिले परीक्षामंडळ पुण्याचे नसून नागपूरचे होय. पुण्याकडील लेखनात ही गोष्ट बहुधा विसरली जाते. मुंबई इलाख्यात मात्र मॅट्रिक विद्यापीठाकडेच राहिली. इतिहास-भूगोलासारख्या विषयांची उत्तरे मातृभाषेत लिहिण्याची मुभा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टप्प्याटप्प्याने मिळत गेली. 'मुभा' हा शब्द येथे हेतुतः योजिला आहे. नियम इंग्रजीचा, मराठी ही सवलत, असेच तिचे स्वरूप होते.

१९४८ साली ही स्थिती पालटली. त्यामागे दोन कारणे एकत्र आली. पहिले असे की, मुंबई विद्यापीठाचे क्षेत्रच विभागले जात होते. पुणे विद्यापीठ १९४८ च्या कायद्याने स्थापन होऊन १९४९ च्या आरंभी कामास लागले. कर्नाटक, गुजरात आणि बडोदा येथील विद्यापीठेही १९४९ च्या आसपासचीच. प्रांतातील शाळा एक आणि विद्यापीठे अनेक, अशा वेळी शाळेची अंतिम परीक्षा कोणा एका विद्यापीठाकडे ठेवणे शक्य नव्हते. दुसरे कारण धोरणाचे. मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर शिक्षणखाते स्वतःकडे ठेवीत. मातृभाषेतील शिक्षणावर आणि शाळेतील इंग्रजीचे वर्चस्व कमी करण्यावर त्यांचा भर होता. इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेपर्यंत पुढे ढकलला गेला तो ह्याच काळात. १९४८ च्या मुंबई माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षा अधिनियमाने मंडळ स्थापन झाले, त्याचे कार्यालय पुण्यास आले आणि १९४९ साली पहिली शालान्त परीक्षा झाली. अकराव्या इयत्तेच्या शेवटी होणारी ही परीक्षा लोकांनी मॅट्रिक ह्याच नावाने ओळखणे चालू ठेवले.

कायद्याच्या नावातील 'परीक्षा' हा शब्द दुर्लक्षिण्याजोगा नाही. हे मंडळ परीक्षेचे होते, शिक्षणाचे नव्हते. शाळांना मान्यता देणे शिक्षणखात्याचे काम. मंडळाने अकरा वर्षांच्या शेवटी मोजमाप करावे. पण हे मोजमाप विद्यापीठाच्या गजाने करावयाचे नव्हते. विषयांची निवड रुंदावली. चित्रकला, शेती, हस्तव्यवसाय ह्यांसारखे विषय इतरांच्या पंक्तीला आले. सर्वांत मोठा बदल असा की, इंग्रजी न घेताही शालान्त प्रमाणपत्र मिळविणे शक्य झाले. ज्याला महाविद्यालयात जावयाचे त्याला इंग्रजी घेणे भाग होते. ज्याला जावयाचे नव्हते, त्याचे अकरा वर्षांचे शिक्षण एका विषयापायी वाया जाण्याचे कारण उरले नाही. ह्यावर त्या काळी पुष्कळ टीका झाली. इंग्रजीचा दर्जा घसरला, ही तक्रार तेव्हापासून आजतागायत अखंड ऐकू येते. तिच्यात तथ्य असेलही. परंतु मॅट्रिकच्या काळात केवळ इंग्रजीमुळे ज्यांची गणिताची आणि इतिहासाची गती कधी जोखलीच गेली नाही, त्यांच्या नुकसानीची तक्रार करावयास कोणी नव्हते, हेही विसरता कामा नये.

ह्या धोरणाची एक मर्यादा लवकरच न्यायालयात स्पष्ट झाली. मुंबई सरकारने ६ जानेवारी १९५४ रोजी एक आदेश काढून इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील नवे प्रवेश अँग्लो-इंडियन व आशियाबाह्य वंशाच्या मुलांपुरते सीमित केले. देवळालीच्या बार्न्स हायस्कुलाच्या निमित्ताने प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो आदेश घटनाबाह्य ठरला. माध्यम सक्तीने ठरविता येणार नाही, हे निश्चित झाले. मराठीला उभे राहावयाचे असेल तर तिच्यातील परीक्षेच्या गुणवत्तेवरच उभे राहावे लागेल, हा ह्या निकालाचा अप्रत्यक्ष अर्थ होता.

आता त्या परीक्षेच्या भाषेकडे वळणे इष्ट होईल. साहित्याच्या इतिहासात प्रश्नपत्रिकेला स्थान नाही. पण मराठी गद्याचा जो नमुना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वांत अधिक लोकांनी सर्वांत अधिक एकाग्रतेने वाचला, तो प्रश्नपत्रिकेचा होय. 'लिहा', 'सिद्ध करा', 'कारणे द्या', 'आकृती काढा', 'फरक स्पष्ट करा' असे द्वितीय पुरुषी अनेकवचनी आज्ञार्थ हा तिचा कणा. घरी आणि वर्गात ज्याला 'अरे, लिही' असे सांगितले जाई, त्या मुलाला छापील कागद 'तुम्ही' म्हणून संबोधतो. आदर आणि अंतर ह्या दोन्ही छटा ह्या अनेकवचनात आहेत. 'संदर्भासह स्पष्टीकरण करा' किंवा 'टिपा लिहा' ह्यांसारखे प्रयोग उघडच इंग्रजी प्रश्नपत्रिकेवरून उचललेले. पण ते इतके रुळले की आज त्यांची मूळ कुळी कोणाला आठवत नाही. 'खालीलपैकी कोणतेही पाच' ह्या शब्दांत तर निवडीचे स्वातंत्र्य आणि त्याची मर्यादा एकदमच सांगितलेली असते.

भूमितीच्या उत्तरपत्रिकेतील परिभाषा ह्याहून मनोवेधक आहे. जुन्या पद्धतीने प्रमेय लिहिताना विद्यार्थी 'पक्ष', 'साध्य', 'रचना' आणि 'सिद्धता' अशी शीर्षके घालीत असे. ह्यांतील पक्ष आणि साध्य हे न्यायशास्त्राचे शब्द होत. पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे, ह्या नैयायिकांच्या नित्याच्या उदाहरणात पर्वत हा पक्ष आणि अग्नी हे साध्य. युक्लिडच्या भूमितीला मराठीत आणताना भाषांतरकारांनी ही परंपरागत अनुमानाची परिभाषा तिला दिली. 'पक्ष'चा अर्थ त्यात सरकला. न्यायातील आश्रयवाचक शब्द भूमितीत 'दिलेली गोष्ट' ह्या अर्थाने स्थिरावला. इंग्रजी माध्यमाच्या मॅट्रिकमध्ये ही परिभाषा पुस्तकांपुरती राहिली असती. शालान्त परीक्षेने ती खेड्यापाड्यांतील मुलांच्या हातात दिली, आणि न्यायशास्त्राचे नावही न ऐकलेली मुले त्यातील दोन पारिभाषिक शब्द शिताफीने वापरू लागली.

परीक्षेने मराठीला दोन पदरी शब्दसंग्रह दिला. एक पदर मंडळाचा : प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका, उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, पर्यवेक्षक, केंद्रसंचालक, परिरक्षक, नियामक. दुसरा पदर ओसरीवरचा : पेपर, पास, नापास, मार्क, कॉपी. 'नापास' ह्या शब्दात फारसी उपसर्ग आणि इंग्रजी पद ह्यांचा जो संकर झाला आहे, तो मराठीने (आणि हिंदीनेही) विनाव्याकरण मान्य केला. 'नालायक', 'नापसंत', 'नाराज' ह्यांच्या रांगेत तो सहज बसतो. 'पेपर चांगला गेला' ह्यात पेपर स्वतःच कोठे तरी जातो, आणि 'पेपर फुटला' ह्यात तो मडक्यासारखा वा गुपितासारखा फुटतो. 'निकाल लागला' हा प्रयोग कोर्टाच्या खटल्यावरून शाळेत आला, आणि 'त्याचा निकाल लागला' म्हणजे तो संपला, असा उपरोधही बरोबर घेऊन आला. 'गुण' हा शब्द तर विशेषच. सद्गुण, धर्म, दोरीचा पेड, गुणाकार इतके अर्थ वागविणाऱ्या ह्या शब्दावर परीक्षेने शंभरापैकी पस्तीस हा नवा अर्थ लादला. मुलाचे गुण विचारले असता आकडा सांगितला जातो, ह्याचे आता कोणाला नवल वाटत नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने कानडी जिल्हे मुंबई राज्यातून गेले आणि विदर्भ व मराठवाडा आले. १९६० साली गुजराती भागही वेगळा झाला. महाराष्ट्रापुढे आता परीक्षांच्या निरनिराळ्या परंपरा एकत्र करण्याचे काम होते. पुण्याची परंपरा १९४८ च्या कायद्याची, नागपूरची १९२२ पासूनची, तर मराठवाड्याच्या मागे हैदराबादच्या राज्यातील शिक्षणाचा वारसा. हा प्रश्न केवळ कचेऱ्यांच्या जुळवणीचा नव्हता. शास्त्रविषयांची मराठी परिभाषाच ठिकठिकाणी वेगळी होती. नागपूर हे डॉ. रघुवीरांच्या परिभाषाकार्याचे केंद्र. त्यांच्या पद्धतीत ऑक्सिजन म्हणजे जारक, हायड्रोजन म्हणजे उदजन आणि कार्बन म्हणजे प्रांगार. पुण्या-मुंबईकडील पुस्तकांत प्राणवायू, उज्जवायू असे शब्द रुळलेले. दोन्ही बाजू मराठीच लिहीत होत्या. पण एका बाजूचा परीक्षक दुसऱ्या बाजूचे उत्तर वाचताना अडखळला असता. जेथे मोजमाप एक, तेथे शब्दही एक असावा लागतो. पुढील काळात पाठ्यपुस्तकांनी बहुतांशी ऑक्सिजन, हायड्रोजन, कार्बन हेच आंतरराष्ट्रीय शब्द देवनागरीत स्वीकारले. दोन मराठी शब्दांच्या भांडणात तिसरा जिंकला, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९६५ च्या महाराष्ट्र माध्यमिक शिक्षण मंडळ अधिनियमाने १९४८ चा कायदा आणि विदर्भात लागू असलेला मध्यप्रदेशचा कायदा ह्या दोहोंची जागा घेतली. १ जानेवारी १९६६ पासून राज्य मंडळ आणि त्याच्या हाताखालील विभागीय मंडळे अशी रचना अस्तित्वात आली. नावातून 'परीक्षा' हा शब्द गेला आणि 'शिक्षण' आला. मंडळाच्या कक्षेत अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकेही आली. प्राथमिक इयत्तांच्या पुस्तकांसाठी १९६७ च्या जानेवारीत बालभारती म्हणून ओळखली जाणारी पाठ्यपुस्तकनिर्मिती संस्था निघाली. माध्यमिक व पुढे उच्च माध्यमिक इयत्तांची 'कुमारभारती' आणि 'युवकभारती' ही पुस्तके मंडळाने काढली. एकोणिसाव्या शतकात मेजर टॉमस कँडी हे शिक्षणखात्याच्या क्रमिक पुस्तकांची मराठी तपासून देत आणि त्यांच्या हातून विरामचिन्हांसह एक विशिष्ट इंग्रजी वळण शालेय मराठीला लागले. कँडींवर टीका करणे सोपे होते, कारण ते एक व्यक्ती होते, शिवाय परकीय. मंडळाच्या समित्यांनी ठरविलेल्या मराठीला असा चेहरा नाही. म्हणून तिची चिकित्साही तितकीशी झालेली नाही.

लेखनपद्धतीच्या बाबतीत मंडळाचा प्रभाव सर्वांत ठळक दिसतो. मराठी साहित्य महामंडळाने केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. ह्या नियमांनी 'कां', 'नांव', 'मध्यें' ह्यांवरील व्युत्पत्तिदर्शक पण उच्चारात न उरलेले अनुस्वार काढून टाकले. विद्वानांत ह्यावर वाद झाले आणि होत राहिले. नियम प्रत्यक्षात रुजले ते ह्या वादांमुळे नव्हे. परीक्षकाच्या लाल शाईला कोणते लेखन चूक धरावयाचे हे एकदा सांगितले गेले, आणि एका पिढीच्या आत ते अनुस्वार छापील मराठीतून दिसेनासे झाले. ज्या लेखकांनी जुन्या पद्धतीचा आग्रह धरला त्यांच्या वाचकांनी मात्र शाळेत नवी पद्धत गिरविलेली होती.

मंडळाची कक्षा महाराष्ट्राच्या सीमेपुरती कधीच नव्हती. गोव्यातील शाळांना १९६१ च्या मुक्तीनंतर जवळची परीक्षा होती ती पुण्याचीच. १९७५ च्या कायद्याने गोव्याचे स्वतःचे मंडळ स्थापन होईपर्यंत तेथील मुले तीच परीक्षा देत. राज्याच्या आतही मंडळ एकभाषी नाही. मराठीबरोबर इंग्रजी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि सिंधी अशा माध्यमांतून परीक्षा घेतली जाते. एकाच प्रश्नाचे आठ भाषांतील पाठ समान काठिण्याचे ठेवणे ही भाषांतराची मोठीच कसोटी आहे. सोलापूरच्या तेलुगू शाळेतील आणि मालेगावच्या उर्दू शाळेतील मुलाला तोच प्रश्न तितकाच स्पष्ट समजला पाहिजे, ही अट दिसते तितकी सोपी नाही. विशेषतः जेथे एका भाषेत पारिभाषिक शब्द रुळलेला असतो आणि दुसरीत तो नुकताच घडविलेला असतो.

आकृतिबंधातील पुढील बदल थोडक्यात सांगता येतील. कोठारी आयोगाच्या शिफारशीनुसार अकरा वर्षांची शाळा दहा वर्षांवर आली. दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली आणि बारावीची पहिली परीक्षा १९७७ साली झाली. मंडळाच्या नावात उच्च माध्यमिक शिक्षणाची भर पडली. विभागीय मंडळे वाढत जाऊन पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), मुंबई, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण अशी नऊ झाली. भाषेच्या दृष्टीने ह्याहून महत्त्वाचे म्हणजे २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आले. खेरांच्या काळात जी भाषा आठवीपर्यंत मागे नेली होती ती अर्ध्या शतकात पहिलीत येऊन बसली. त्यातच मराठी शाळांनी गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविण्याचा 'सेमी-इंग्रजी' मार्ग पत्करला. ज्या भूमितीच्या उत्तरपत्रिकेत पक्ष आणि साध्य लिहिले जात, तीच प्रथम हातातून गेली. परीक्षेमुळे जी परिभाषा घरोघर पोचली होती, ती परीक्षेतून उठल्यावर किती काळ जिवंत राहील, हा प्रश्न भाषाभ्यासकांपुढे आज प्रत्यक्ष उभा आहे.

मंडळाने शब्दांशी केलेला अलीकडचा व्यवहारही नोंदण्याजोगा आहे. २०१६ च्या सुमारास गुणपत्रकावरील अनुत्तीर्ण हा शेरा काढून त्या जागी विद्यार्थी कौशल्यविकासाच्या कार्यक्रमास पात्र आहे, अशा आशयाची नोंद करण्याचे ठरले. हेतू सहानुभूतीचा होता. पण 'पात्र' ह्या शब्दाचा हा उपयोग मुलांनी आणि पालकांनी पहिल्या दिवशीच ओळखला. बोलण्यात 'नापास' जागचा हलला नाही. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण देण्यात आले. २०२१ साली परीक्षाच झाली नाही. शाळांनी दिलेल्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला गेला आणि तो ९९.९५ टक्के लागला. परीक्षेसाठी जन्मलेल्या मंडळाने परीक्षेवाचून प्रमाणपत्रे दिली, असे हे एकमेव वर्ष.

आणि मॅट्रिक? विद्यापीठाने ती परीक्षा सोडून पाऊणशे वर्षे लोटली. तरी सरकारी कागदांत तो शब्द टिकून आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना शालेय शिक्षणानंतर मिळणारी शिष्यवृत्ती १९४४ साली, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद असताना, सुरू झाली. तिचे मराठी नाव आजही 'मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती' असे आहे. लॅटिनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत आलेल्या पदाच्या अंत्य अकारापुढे संस्कृत 'उत्तर' येऊन येथे नियमानुसार गुणसंधी झाला आहे. महाविद्यालयाच्या कचेरीत तिचा अर्ज भरणारा मुलगा शालान्त परीक्षेचे गुणपत्रक जोडतो.